टाके सुकले, पण दुखणं राहिलं

"डॉक्टरबेन, मी अठ्ठावीस वर्षांची. दांडिया बाजारात, एकत्र कुटुंबात राहते. साडेचार महिन्यांपूर्वी मुलगी झाली. नॉर्मल डिलिव्हरी, पण खालून टाके पडले. सव्वा महिना झाला तसं सासूबाईंनी माझं अंथरूण परत आमच्या खोलीत हलवलं. त्यानंतर चार वेळा आम्ही जवळ आलो आणि चारही वेळा चाकू फिरवल्यासारखं दुखलं. मग दोन-दोन दिवस शू करताना आग. दाखवायला गेले तर 'टाके सुकलेत, सगळं नॉर्मल आहे' म्हणून पाच मिनिटांत बाहेर. मावससासूबाई म्हणतात, 'पुढच्या बाळंतपणात सुटेल.' नवरा वाईट नाही हो. पण हल्ली तो हॉलमध्ये गादी टाकून झोपतो आणि मला सुटल्यासारखं वाटतं, याचीच लाज वाटते. इच्छा म्हणून उरलेली नाही. जवळ आला की दूध गळायला लागतं, ते वेगळंच. पाळी अजून आलेली नाही, मुलगी अंगावरच पिते, म्हणून आम्ही काही वापरत नाही. फक्त रात्री सासूबाई तिला डब्यातलं दूध बाटलीने पाजतात, तेवढीच मला झोप. माझ्यात काही बिघडलंय का? छापलंत तर मुलीचं वय बदला. – बडोद्याची एक सून"

तुला 'तू'च म्हणते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. पत्रावर वेळ रात्री पावणेतीनची आहे. एका हाताने घोडियाची, म्हणजे पाळण्याची, दोरी ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवर टाइप करायचं, अशी पत्रं मला ओळखता येतात. मध्येच एखादं वाक्य तुटतं, तिथे बाळ उठलेलं असतं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. तू बिघडलेली नाहीस. दुखतंय ते खरं आहे, त्याला कारण आहे, बहुधा दोन-तीन कारणं आहेत, आणि ती शोधून त्यांच्यावर उपाय करता येतात. पुढच्या बाळंतपणाची वाट बघायची काहीएक गरज नाही. मावससासूबाईंना माझा नमस्कार सांग, पण हा सल्ला घेऊ नकोस. पहिल्या वेळचं नीट न झालेलं दुखणं दुसऱ्या वेळी आपोआप 'सुटत' नाही.

आता तो सव्वा महिना. त्याची टिंगल मी करणार नाही. बाळंत झाल्या झाल्या गर्भाशय जवळजवळ एक किलो वजनाचं असतं, ते सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येतं. वार जिथून सुटते तिथे आत तळहाताएवढी जखम असते. अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं आणि तोवर आत जंतू शिरायची धास्ती असते. म्हणजे आज्यांनी धरलेला आकडा अगदी चोख होता. पण त्यांनी आखलेली रेघ 'याच्या आत नको' अशी होती. आपण तिची 'आजपासून सुरू' अशी तारीख केली. न्हाऊ-माखू घालणारी बाई येणं थांबते, बाळबाळंतीण देवाला जाऊन येतात, आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी न बोलता अंथरूण हलवतं. तुला 'बरं वाटतंय का' असं कोणी विचारलं होतं? पत्रात तरी तसं दिसत नाही.

शिवाय हल्ली एक सोय निसटली आहे. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सातव्या महिन्यात ओटी भरून गेलेली मुलगी बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर परत यायची. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, शेकशेगडी हे त्यातलं दिसणारं. न दिसणारं असं की तेवढे महिने तिचं शरीर तिच्या एकटीचं असायचं आणि त्यासाठी तिला कोणाला 'नाही' म्हणावं लागत नव्हतं. आता डॉक्टर बडोद्यातच, नवऱ्याला रजा इथेच, म्हणून बाळंतपण सासरी होतं. काही वाईट नाही त्यात. फक्त ते अंतर आता तोंडाने मागावं लागतं.

दुखण्याकडे वळते. तुला कट दिला असणार. योनीच्या तोंडापासून खाली तिरका, घड्याळात सातला काटा असतो त्या बाजूला, साधारण असा तो असतो. (जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की हा कट सरसकट प्रत्येकीला देऊ नये. आपल्याकडे पहिलटकरणीला तो अजूनही सवयीने दिला जातो. माझ्याही हातून शेकड्यांनी दिले गेले, त्यातले किती खरोखर लागत होते हा हिशेब मी हल्ली घालते.) त्यात कातडी, मधला स्नायू आणि योनीची आतली भिंत, तिन्ही कापली जातात आणि तिन्ही शिवली जातात. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत मिळून येते. आतला व्रण मऊ पडायला महिने लागतात. 'टाके सुकले' हे वरून पाहून म्हटलेलं वाक्य आहे आणि वरून ते खरंही आहे. तुझं दुखणं तिथे नाही.

बोट घालून, हलकेच दाबत, व्रणाच्या रेघेवरून सरकत जावं लागतं. बहुतेकींचं सगळीकडे दुखत नाही. एका जागी, कधी मुगाच्या दाण्याएवढ्या जागी, बाई दचकते आणि म्हणते, "हेच, हेच ते." तो क्षण मी कितीदा पाहिला आहे. चेहऱ्यावर दुखल्याचं असतंच, पण त्याहून जास्त सुटका असते, की मी कल्पनेतलं सांगत नव्हते. तिथे कधी व्रणाची गाठ असते, कधी लाल मांसल कोंब उगवलेला असतो आणि हात लागला की त्यातून रक्त येतं. त्या कोंबाला औषध लावून जाळतात, ओपीडीतच होतं. कधी शिवताना तोंड जास्त आवळलं गेलेलं असतं. प्रसूतिगृहात 'नवऱ्यासाठी एक टाका जास्त' असा विनोद मी शिकत असताना ऐकला आहे. तो विनोद ज्यांच्या अंगावर शिवला गेला त्या मग माझ्याकडे आल्या. त्यालाही छोटी दुरुस्ती आहे.

दुसरं कारण कोरडेपणा. आग होते, ती मला यातलीच वाटते. बाळ अंगावर पितं तोवर प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं हार्मोन चढलेलं असतं आणि इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन खाली गेलेलं असतं. इस्ट्रोजेन नसलं की योनीची भिंत पातळ होते, ओल सुटत नाही, जरा घासलं तरी बारीक चिरा पडतात आणि मग लघवी लागली की झोंबतं. पाळी गेलेल्या पन्नाशीच्या बाईचं नेमकं हेच होतं. म्हणजे या एका बाबतीत तू आणि तुझ्या सासूबाई सध्या एकाच नावेत आहात, आणि दोघी एकमेकींना सांगणार नाही. सिझर झालेल्यांनी हा परिच्छेद सोडू नये. पोटावर टाके असले तरी खाली कोरडं पडायचं ते पडतंच, आणि 'माझं तर खालून काहीच झालं नाही, मग का दुखतं' म्हणून त्या उगीच स्वतःला दोष देत बसतात. हा कोरडेपणा पाजणं कमी झालं की आपोआप जातो. त्यासाठी पाजणं थांबवू नकोस.

तिसरं कारण पहिल्या दोघांतून जन्मतं. पहिल्यांदा दुखलं, तर दुसऱ्यांदा शरीर आधीच सावध होतं. ओटीपोटाच्या तळाशी पाळण्याच्या झोळीसारखे स्नायू आहेत, मूत्राशय, गर्भाशय, गुदमार्ग त्यांनी तोललेले असतात. ते भीतीने आवळतात. नवरा अजून हातभर लांब असतो आणि तुझ्या मांड्या घट्ट झालेल्या असतात, श्वास अडकलेला असतो. आवळलेल्या स्नायूवर जोर म्हणजे आणखी दुखणं, आणि पुढच्या वेळी आणखी लवकर आवळणं. चार वेळांत तुझं हे चक्र पक्कं झालं असणार. पाचवी वेळ 'बघू या होतंय का' म्हणून करू नका. आत काही जायचं तूर्त बंद. हे मी डॉक्टर म्हणून सांगते आहे, नवऱ्याला तसंच सांग.

करायचं काय, ते आता. एक दिवस दुपारी, मुलगी झोपली आणि न्हाणीघर रिकामं असलं की हातआरसा घेऊन खाली बस आणि बघ. तू साडेचार महिन्यांत पाहिलेलं नसशील, बहुतेकजणी पाहत नाहीत. मनातल्या चित्रात ती जागा चिंधडी झालेली असते, आरशात एक फिकट रेघ दिसते. लाल कोंब, उघडी जखम किंवा पू दिसला तर पुढचं काही न करता डॉक्टरकडे जायचं. नुसती रेघ असेल तर मालिश. हात धुऊन, नखं कापून, अंगठ्याला खोबरेल तेल लावायचं. अंगठ्याचं पहिलं पेर योनीच्या तोंडाशी आत ठेवून खालच्या बाजूला हलका दाब द्यायचा, ताण जाणवेल इतकाच, कळ येईल इतका नाही. तिथे थांबायचं, पोट फुगवत चार-पाच लांब श्वास, मग अंगठा बाजूला सरकवून पुन्हा. व्रणाच्या रेघेवर गोल फिरवायचं. पाच मिनिटं, रोज. पहिल्या दिवशी रेघ सुतळीसारखी कडक लागेल. महिन्या-दीड महिन्यात तीच मऊ पडल्याचं तुझ्याच अंगठ्याला कळेल.

कोरडेपणाला मेडिकलच्या दुकानात जेल मिळतं, पाण्याच्या पायावरचं, विनावासाचं. मांडवीतल्या ओळखीच्या दुकानातून घ्यायला लाज वाटत असेल तर नवऱ्याला अलकापुरीतून आणायला सांग, नाहीतर ऑनलाइन मागवा. खोबरेल तेलही चालतं, पण निरोध वापरत असाल तेव्हा नाही. तेलाने रबर कमजोर होऊन फाटतं. एवढ्याने भागलं नाही तर इस्ट्रोजेनचं अगदी कमी ताकदीचं मलम असतं, ते योनीत लावायचं. तुझे डॉक्टर तपासून ते काही आठवड्यांसाठी देऊ शकतील. स्वतःहून आणू नकोस.

आणि काय लावायचं नाही? डेटॉल नाही, तुरटीचं पाणी नाही, 'घट्ट करणारी' क्रीम नाहीत, सुगंधी वॉश नाहीत. योनी आतून स्वतःला स्वच्छ ठेवते, बाहेरून साध्या पाण्याने धुतलं की पुरे. ओव्या-शेपाची धुरी खोलीत घाला, वास छान येतो. शेगडीवर पाय फाकून बसणं मात्र बंद. ज्या व्रणाला अजून नीट संवेदना नाही त्याला भाजलेलं कळत नाही, आणि असं भाजलेलं मी बघितलं आहे. कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायला हरकत नाही.

शेजारच्या बेनने काटलुं पाठवलं असेल, आपल्या गावात ते चुकत नाही. गूळ, तूप, सुंठ आणि बत्तीस वसाणी घातलेलं, थंडीत झकास लागतं. खा. फक्त त्यावर पाणीही पी. त्यात लोहाच्या गोळ्या चालू असतील तर शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं, आणि कुंथणं त्याच झोळीला ताण देतं. रात्री चमचाभर इसबगोल घे.

व्यायामांबद्दल लोक फार गोंधळतात. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरने १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. शू अडवताना जसं वर ओढतो तसं ओढायचं, धरायचं, सोडायचं. शिंकताना थेंब गळतात त्यांना ते उत्तमच, तीन महिने नेटाने केले तर फरक पडतो. पण तुझे स्नायू ढिले नाहीत, आवळलेले आहेत. तू यूट्यूब बघून दिवसाला शंभर वेळा आवळशील आणि दुखणं वाढवशील. तुला आधी सोडायला शिकायचं आहे. उताणी झोप, गुडघे वर, उशा लावून मांड्या बाजूला टेकव, हात पोटावर. श्वास घेताना पोट वर येऊ दे आणि खालची जागा फुलासारखी उमलते आहे असं मनात आण. सोडताना काहीच करू नकोस. दिवसातून दोनदा, दहा-दहा श्वास. फिजिओथेरपिस्टकडे या कामाचं वेगळं प्रशिक्षण असतं. सयाजी रुग्णालयात स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी, दोन्ही विभाग आहेत. खासगीत जाणार असशील तर फोनवरच विचार, की बाळंतपणानंतरच्या ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करता का.

डॉक्टरकडे परत जावं लागेल, पत्र वाचून मी तपासू शकत नाही. त्याच डॉक्टरकडे जा किंवा दुसरीकडे, पण या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच म्हण: "संबंधाच्या वेळी टाक्याच्या जागी दुखतं, बोटाने दाबून बघा." गुजरातीत सांगायचं तर, "संबंध वखते टांकानी जग्याए दुखे छे." घरून पाठ करून जा, कारण तिथे गेलं की जीभ टाळूला चिकटते. लघवीची तपासणीही करून घे. आग कोरडेपणाची असेल असं मी म्हटलं, पण लघवीत जंतू नाहीत हे पाहिल्याशिवाय ते पक्कं म्हणता येत नाही.

ज्यांनी तुला पाच मिनिटांत बाहेर काढलं त्यांच्यावर मी फार चिडणार नाही, कारण मीही तशीच होते. पहिली दहाएक वर्षं सहा आठवड्यांच्या तपासणीला आलेल्या प्रत्येकीला मी विचारायचे, "पाळणा लांबवायला काय वापरणार?" दुखतं का, हे विचारत नसे. मग एकदा एक जोडपं आलं. पहिलं मूल चार वर्षांचं, दुसरं राहत नाही म्हणून. रक्ताच्या, सोनोग्राफीच्या सगळ्या तपासण्या मी लिहून दिल्या. बाई दारापर्यंत गेली, नवऱ्याला पुढे जाऊ दिलं आणि परत येऊन म्हणाली, "डॉक्टरबेन, खरं सांगू? मुलगा झाल्यापासून आमचं एकदाही झालेलं नाही. मला सहन होत नाही." चार वर्षं. तिचे टाके मीच घातले होते आणि 'सगळं नॉर्मल' असं मीच लिहिलं होतं. या गावात, तेव्हाच्या बडोदा संस्थानात, १९३१ साली हिंदू बायकांना घटस्फोटाचा कायदा मिळाला, पण 'दुखतं' एवढा शब्द दवाखान्यात काढायला अजून दाराआडून परत यावं लागतं.

इच्छेचं. तिला मी दुखण्याच्या नंतर ठेवलं, कारण दुखण्याची धास्ती असताना इच्छा येणं हेच नवल. शिवाय प्रोलॅक्टिन इच्छा दाबतं, झोप नसते, आणि एवढं लहान बाळ दिवसाला आठ-दहा वेळा अंगाला लागलेलं असतं. संध्याकाळपर्यंत 'आता मला कोणीही हात लावू नका' असं होतं. नवरा हॉलमध्ये गेल्यावर तुला हायसं वाटलं ते यामुळे. त्यात प्रेम आटल्याची खूण शोधू नकोस, लाज तर मुळीच नको.

दूध गळण्याचं उत्तर सोपं आहे. जवळीक आणि सुख वाढलं की ऑक्सिटोसिन सुटतं, आणि बाळ तोंड लावतं तेव्हा पान्हा सोडणारंही तेच. शरीराला दोन प्रसंगांतला फरक कळत नाही इतकंच. आधी पाजून घे, खाली जुनं धोतर नाहीतर टॉवेल टाक, आणि दोघं हसा.

हे पुढचं नवऱ्याला वाचायला दे.

बाबा रे, तू हॉलमध्ये गेलास ते तिला त्रास नको म्हणून, असं मी धरून चालते. पण तू काही बोलला नाहीस, त्यामुळे तिने त्याचा अर्थ 'रुसला' असा लावला आहे. आधी बोल. मग परत खोलीत जा, पण ठरवून जा, की पुढचा दीड-दोन महिना आत काही जाणार नाही. हे ठरलं की तिला तुझ्या हाताची भीती वाटणार नाही. पाठ चोळ, डोक्याला तेल लाव, कुशीत घे आणि तिथेच थांब. तिला हवं असेल तर हाताने, तोंडाने सुख देता येतं. बायकांच्या सुखाचं ठिकाण बहुतांशी बाहेरच, योनीच्या वरच्या टोकाशी असलेल्या शिश्निकेत असतं, आणि ते टाक्यांपासून दूर असतं. पुढे डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आणि तिने हो म्हटल्यावर सुरुवात तिच्या एका बोटाने, मग दोन, भरपूर जेल, मग ती वर आणि तू खाली, म्हणजे किती आणि किती सावकाश हे तिच्या हातात राहील. ती 'थांब' म्हणाली की थांबायचं, तोंड पाडायचं नाही. आणि रात्री एकदा तरी बाळाला तू उठून घे. दूध देता येत नसेल, लंगोट तर बदलता येतो. मी पाहिलं आहे, सलग चार तास झोप मिळालेली बाई स्वतःहून शेजारी सरकते.

(तिचा नवरा समजूतदार दिसतो. ज्यांचे नाहीत त्यांच्यासाठी एवढंच: लग्न झालेलं असलं तरी जबरदस्तीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ म्हणूनच जागा आहे. गुजरातेत १८१ हा 'अभयम्' हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र लागतो.)

आता ज्या ओळीने माझी झोप उडवली ती. 'पाळी आली नाही, अंगावर पिते, म्हणून काही वापरत नाही.' अंगावर पाजण्याने गर्भ राहत नाही हे खरं आहे, अठ्ठ्याण्णव टक्के खरं आहे, पण तिन्ही अटी एकदम पाळल्या तर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी आलेली नसावी, आणि बाळ फक्त अंगावर पीत असावं, दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पडता. रात्रीच्या बाटलीने तुझी तिसरी अट मोडली आहे. सासूबाईंनी ती तुझ्या झोपेसाठी दिली, भावना चांगली आहे, पण तुझं कवच गेलं. आणि पाळी येईपर्यंत धोका नाही हेही चूक. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर दोनेक आठवड्यांनी येते. पाळी न येता दुसऱ्यांदा गरोदर राहिलेल्या मी ढिगाने पाहिल्या आहेत. तेव्हा उद्या सकाळी पहिल्या लघवीची, गरोदर आहेस का याची, तपासणी कर, किट कुठेही मिळतं. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे झाले नसतील तर तेवढे झाल्यावर पुन्हा एकदा.

ती निगेटिव्ह आली की एक साधन निवड. घाई नसेल तर निरोध, जेलसकट. तांबी आता कधीही बसवता येते, प्रकाराप्रमाणे पाच किंवा दहा वर्षं चालते, दुधावर परिणाम नाही. पण तुझी खालची जागा दुखरी असताना ती बसवून घेणं तुला जड जाईल, थोडी थांब. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन आणि 'छाया' गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, दोन्ही पाजणाऱ्या आईला चालतात. 'छाया'त हार्मोन नाही, ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली आपलीच गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. तुझ्या जागी मी हीच घेतली असती. नेहमीच्या, दोन हार्मोनच्या माला-गोळ्या बाळ सहा महिन्यांचं होईस्तोवर नकोत. दुसरं मूल हवं असलं तरी हे जन्मून किमान दोन वर्षं जाऊ देत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुझ्या टाक्यांचंही मत तेच असेल.

काही गोष्टींत माझ्या किंवा कोणाच्याच सदराची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी जायचं. ताप आणि घाण वासाचं अंगावरून जाणं. तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव. वारा किंवा शौच आवरता न येणं, योनीतून वारा किंवा शौच येणं. एका पोटरीत सूज आणि दुखणं. खाली काहीतरी उतरल्यासारखं, 'अंग बाहेर आल्यासारखं' वाटत असेल तर तेही दाखव, त्या दिवशीच नाही तरी त्या आठवड्यात.

आणि एक विचारायचं राहिलं. तू पत्रात मुलीचं नाव लिहिलं नाहीस, ती हसते का, कुशीवर वळते का, काहीच नाही. ते कदाचित ओळख लपवण्यासाठी असेल. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस रडू येत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं आणि त्यावर पाजताना चालतील अशी औषधं आहेत. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट नंबर आहे, गुजरातीत, हिंदीत बोलता येतं. मुलीला किंवा स्वतःला काही करावंसं मनात आलं तर रात्र असली तरी नवऱ्याला उठव, सासूबाईंना उठव.

सासूबाईंना एक प्रश्न मात्र तू विचार. भाजी निवडताना, हळूच, 'आई, तुम्हाला दुखलं होतं का?' मी असं विचारायला सांगितलेल्या सुनांपैकी एकीच्या सासूने निवडलेली मेथी न निवडलेल्यात टाकली आणि म्हणाली, "दीड वर्ष." त्या घरात त्यानंतर अंथरूण कोणी हलवलं नाही.

मुलीचं वय दोन आठवड्यांनी इकडे-तिकडे केलं आहे, दांडिया बाजारही तुझा नाही. सल्ल्यात त्याने फरक पडत नाही. दवाखान्यात जाऊन आलीस की काय निघालं ते कळव, पावणेतीनला लिहिलंस तरी चालेल.